बर्फावरचे रोडगे

मी ग्रंथपाल माणूस. नोकरीची बावीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली आणि घर मिळालं ते नेमकं बाबाराव गावंड्यांच्या शेजारी. अमरावतीच्या त्या गल्लीत घर घेताना मी पाणी पाहिलं, वीज पाहिली, नालीचा उतारसुद्धा पाहिला. शेजाऱ्याचा गळा तपासून घ्यावा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी साडेपाचला भिंतीपलीकडून आवाज आला, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. आंघोळीचं पाणी न्हाणीमध्ये लागलेलं आहे." मी अंथरुणात उठून बसलो. बायको म्हणाली, जवळ कुठंतरी बसस्टँड असेल.

बसस्टँड नव्हतं. गावंडेकाका परतवाड्याच्या स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते आणि निवृत्त होताना त्यांनी टेबल सोडलं, शिट्टी सोडली, पण घोषणा बरोबर घेऊन आले. माणूस केवढासा! उंची पाच फुटांच्या जरा वर, अंग काटक्यांचं, कानावर पेन. पण बोलायला लागला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. घोषणा करताना ते डावा हात तोंडासमोर मुठीसारखा धरत, जणू त्यात माईक आहे. एरवी बोलणं अस्सल वऱ्हाडी, घोषणा मात्र पुस्तकी मराठीत. मी एकदा याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "बोलन्यात व्याकरन नसलं त चालते भाऊ. घोषनेत पाह्यजे. नाई त मानूस चुकीच्या गाडीत बसते."

त्यांचा एकच सिद्धांत होता. एकदा अनाउन्स केलं की गाडी लागलीच पाहिजे. एका पावसाळ्यात मेळघाटच्या घाटात झाड पडलं आणि रस्ता बंद झाला. धारणीच्या गाडीची घोषणा तोवर काकांच्या तोंडून गेलेली होती. स्टँडवर अकरा प्रवासी उरले. दुसरा कुणी असता तर रस्ता बंद म्हणून पाटी लावून चहाला गेला असता. काकांनी त्या अकरा जणांना रांगेनं आपल्या क्वार्टरवर नेलं, दारात उभं केलं आणि बायकोला सांगितलं, "धारणीची गाडी उशिरानं सुटणार आहे." सिंधूकाकूंनी अकरा माणसांचं पिठलं-भाकर केलं. करताना काकांना त्या जे काही बोलल्या, ते ऐकून त्यातली एक म्हातारी म्हणे परत स्टँडवर जायला निघाली होती. तिला वाटलं, आता इथं मारामारी होणार. सकाळी रस्ता मोकळा झाल्यावर काकांनी आपल्या ओसरीतूनच गाडी लागल्याचं जाहीर केलं.

गल्लीत काकांना भारी पडेल अशी एकच व्यक्ती होती आणि ती त्यांच्याच घरात राहत होती. काकूंचा आवाज मोठा नव्हता, पण शब्द पारखून घेतलेले. "बयताड मानूस" हा त्यातला रोजच्या वापरातला. बयताड म्हणजे निव्वळ मूर्ख नव्हे. ज्याला समजावण्यात अर्थ नाही आणि सोडूनही देता येत नाही, असा मूर्ख. काकांची घोषणा आणि त्यावर काकूंचं "बयताड मानूस" अशी जोडी दिवसातून दहा-बारा वेळा ऐकू यायची. मला आधी त्याचा त्रास झाला, मग सवय झाली, आणि पुढे कधी काकू अकोल्याला बहिणीकडे गेल्या की मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

काकूंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा काका भाजी आणायला गेले होते. हातपाय आठवड्यात हलायला लागले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाही येणार, वाट पाहायची. दवाखान्यात नातेवाईक जमले आणि आमच्याकडे जमलेले नातेवाईक करतात तेच त्यांनी सुरू केलं. कुणी नारळ बोललं, कुणी अनवाणी चालणं बोललं, कुणी शनिवार धरले. काकूंची धाकटी बहीण मालूमावशी यात पटाईत. ती काकांना म्हणाली, "भाऊजी, सारे बोलून राहिले. तुमी बी काई त बोला."

काकांना नवसाचा जन्माचा तिटकारा. 'देवापाशी काय रिझर्वेशन करून ठेवाचं हाये का?' असं ते म्हणायचे. या बाबतीत आमचं दोघांचं जमायचं, कारण माझ्या आजोबांनी छप्पन साली देव्हारा उचलून पूर्णेच्या पात्रात सोडला, तेव्हापासून आमच्या घरात कुणी नवस बोललेलं नाही. पण त्या दिवशी काका तीन रात्री झोपलेले नव्हते. ते उठले, डाव्या हाताची मूठ तोंडासमोर धरली, आणि सबंध जनरल वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर्वांनी इकडे लक्ष द्यावं. ही मला पुन्हा ज्या दिवशी शिवी देईल, त्या दिवसानंतर मी हिमालयात जाऊन बर्फावर रोडगे घालीन. धन्यवाद." नर्स धावत आली आणि तिनं त्यांना बाहेर काढलं. मालूमावशी मात्र हात जोडून म्हणाली, "बोलले बापा एकदाचे."

रोडगे म्हणजे काय हे आमच्या बाहेरच्यांना सांगावं लागेल. कणकेचा थराथरांचा, मुठीपेक्षा मोठा गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी. नवस फेडायचा असेल तर जिथलं बोललं तिथं जाऊन गोवऱ्या पेटवतात आणि निदान पाच जणांना जेवू घालतात. मारोतीपुढे घालतात, शेतात घालतात, नदीकाठी घालतात. बर्फावर घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. काकांनी तसं म्हटलं ते 'कोंबड्याला दात आले तर' म्हणावं तसं, मालूमावशीचं तोंड बंद करायला. पण घोषणा झाली होती आणि वॉर्डातल्या तेवीस खाटांनी ती ऐकली होती.

त्यानंतरचे पाच महिने आमच्या भिंतीपलीकडे फक्त एकच आवाज होता. काका काकूंकडून शिवी मिळवण्यासाठी काय काय करत! चहात मीठ टाकत. ओला टॉवेल गादीवर टाकत. त्यांच्या चष्म्याला खोबरेल तेल लावून ठेवत. एकदा तर त्यांनी बनियन उलटं, पँट उलटी आणि टोपी सुलटी घालून गल्लीत फेरी मारली आणि दारात येऊन जाहीर केलं की वर्‍हाडी गावंडे एक्स्प्रेस फलाटावर आलेली आहे. काकू नुसत्या बघत. कधी डोळ्यांत पाणी यायचं. मग काका मुकाट्यानं टॉवेल उचलून दोरीवर घालायचे. पहिल्या दोन महिन्यांत येणारी माणसं हळूहळू थांबली. न बोलणाऱ्या माणसाकडे किती वेळ बसणार?

मग एका सकाळी मी दाढी करत असताना काका बनियनवर रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडताना ऐकले. "सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं! सौ. सिंधूताई गावंडे यांना वाचा परत आलेली आहे! त्यांनी मला आताच शिवी दिलेली आहे!" गल्ली धावली. आम्ही सगळे त्यांच्या ओसरीत घुसलो. काकू खुर्चीत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, दारातल्या काकांकडे पाहिलं, ओठ थरथरले आणि जड पण स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "बयताड... मानूस." बायका रडायला लागल्या. मीसुद्धा रडलो, तोंडाला साबण तसाच होता. दुपारी अकोल्याहून मालूमावशीचा फोन आला. तिनं आधी आनंद व्यक्त केला आणि मग विचारलं, "मंग भाऊजी, रोडग्याचं कधी?"

मला वाटलं होतं, काका हसून सोडून देतील. आधी तसंच झालं. काकू रोज चार-चार शब्द बोलू लागल्या होत्या आणि त्यातले तीन काकांसाठी असायचे. पण मध्येच दोन दिवस त्या पुन्हा एकदम गप्प झाल्या. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. तिसऱ्या दिवशी त्या बोलल्या, पण काका तेवढ्यात पार ढासळले होते. संध्याकाळी ग्रंथालयात माझ्याकडे आले आणि नकाशाच्या कपाटाची चौकशी करू लागले. "भाऊ, अस्सल बर्फ कुठं असते? वरून पडलेलं नाई, जमिनीवरचं. कायमचं."

मी त्यांना ग्लेशियरवरचं एक पुस्तक काढून दिलं, ही माझी चूक. महिनाभरानं त्यांनी उत्तराखंडातलं एक राष्ट्रीय उद्यान शोधून काढलं, जिथं शेवटच्या गावापासून तीन दिवस चालल्यावर ग्लेशियर लागतं. उद्यानाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या चौकीवरच्या एका भल्या माणसाला पुढे त्रास नको. काकूंनी मला बोलावून एकेक शब्द गोळा करत सांगितलं, "भाऊ... तुमी जा... संगं. नाई त... थो... बर्फाले... भाषन देत बसन." मी रजा टाकली.

आमचा सराव अकोल्याला झाला. मालूमावशीच्या दिराचा बर्फाचा कारखाना आहे. मे महिन्यात, बाहेर शेहेचाळीस अंश असताना, काका स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून बर्फाच्या गोदामात अर्धा अर्धा तास फेऱ्या मारायचे. बाहेर आले की कामगार त्यांच्या अंगाला हात लावून थंडावा घ्यायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मुख्य प्रयोग केला. लादीवर लोखंडी घमेलं ठेवलं, त्यात गोवऱ्या पेटवल्या आणि रोडगा भाजायला टाकला. वीस मिनिटांत घमेलं लादी वितळवत खाली गेलं आणि रोडग्यासकट दिसेनासं झालं. मालूमावशीच्या दिरानं कपाळाला हात लावला. काकांनी त्या गोल खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं आत्ता समजलं. तिकडचं बर्फ जाड असते. बुडून बुडून किती बुडन?"

गोवऱ्या इथल्याच न्यायच्या यावर ते अडून बसले. तिकडच्या शेणाचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. बडनेऱ्याहून रेल्वेत बसलो तेव्हा आमच्या बाकाखाली साठ गोवऱ्यांचं पोतं होतं. दिल्लीच्या एका कुटुंबानं दुसऱ्या दिवशी डबा बदलून घेतला. पुढे दोन दिवस बस, डोंगराच्या कडेनं. काका प्रत्येक थांब्यावर उतरून तिथल्या कंट्रोलरला भेटायचे आणि परत येऊन सांगायचे की या माणसाला आवाज आहे पण ठेवण नाही.

शेवटचं गाव म्हणजे पंधरा-वीस घरं, एक दुकान आणि पलीकडे उद्यानाची चौकी. आम्ही बलबीर नावाचा वाटाड्या ठरवला आणि परवाना घेऊन चौकीवर गेलो. चौकीवर नेगी म्हणून वनरक्षक होते, पन्नाशीचे, शांत. आत नेल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची ते वहीत नोंद करत आणि परत येताना मोजून घेत. बिस्किटांचे पुडे मोजले, बॅटऱ्या मोजल्या, मग त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. एक गोवरी काढून उलटीसुलटी केली.

"यह क्या है?"

"गोवरी," काका म्हणाले. "उपला. हमारे अमरावती की है. एकदम सूखी."

"क्यों?"

काकांनी वऱ्हाडी हिंदीत सगळं सांगितलं. अर्धांग, वॉर्ड, शिवी, मालूमावशी, सगळं. नेगींनी ऐकून घेतलं आणि वही मिटली. उद्यानात आग लावायला बंदी आहे. लाकूड नाही, गोवरी नाही, काडीसुद्धा नाही. तिथं उंचावर गवत वाढायला वर्षं लागतात, कस्तुरीमृग आहेत, भरल नावाच्या रानमेंढ्या आहेत. काकांनी विचारलं, "पर काहून नहीं? बरफ कैसे जलेंगा?" नेगी म्हणाले, बर्फ जळणार नाही, माझी नोकरी जळेल. दोन तास वाद झाला. अखेर तोडगा नेगींनीच काढला. चौकीच्या बाहेर, गावात, रोडगे भाजून घ्यायचे. तयार रोडगे खाण्याचा पदार्थ म्हणून आत नेता येतील. बर्फावर बसवून खाऊ घालायला कोणताही नियम आड येत नाही.

काकांना ते मनापासून पटलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता. बलबीरच्या अंगणात साठ गोवऱ्या पेटल्या. आख्खं गाव बघायला आलं. एकवीस रोडगे भाजून निघाले आणि नेगींनी वहीत लिहिलं : आटे के गोले, इक्कीस.

निघण्याआधी काकांनी दुकानातून घरी फोन लावला. उचलला काकूंच्या सोबतीला येऊन राहिलेल्या मालूमावशीनं. काकांचा चेहरा उतरताना मी पाहिला. "तुमी गेले तवापासून ताई एक शब्द बोलली नाई, भाऊजी. चार दिवस झाले. नुसती बसून राह्यते." मी म्हटलं, काका, परत जाऊ. आजची बस आहे. ते दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं, त्यांना पटलं. मग म्हणाले, "खाली गेलो त तिच्यापाशी बसून काय करीन, भाऊ? पाच महिने बसलोच होतो. वर गेलो त काई त करून राहिलो असं होईन." एवढं बोलून त्यांनी रोडग्यांची पिशवी खांद्याला लावली.

मला राग आला होता. एका वेडपट घोषणेपायी आजारी बायकोला टाकून हा माणूस डोंगर चढतोय आणि मी, नवस न मानणारा, त्याच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन चालतोय. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी फारसं बोललो नाही. देवदार संपले, भोजपत्राची झाडं लागली, मग तीही संपली. दगड, खालून गर्जत जाणारी नदी आणि डोक्यावर उन्हात चकाकणारी शिखरं. दुसऱ्या दिवशी हवा इतकी पातळ झाली की दर पन्नास पावलांना थांबावं लागे. काकांचा घसा बसायला लागला होता. सकाळी त्यांनी एका वळणावर मूठ तोंडाशी धरून काहीतरी जाहीर करायचा प्रयत्न केला, पण नुसती वाफ बाहेर आली.

दुपारी एका खडकाच्या आडोशाला आम्ही चहाला बसलो. नेगी वर गस्तीला निघाले होते, ते आणि बलबीर थोडे पुढे होते. मी न राहवून विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्ही नवस मानत नाही. मग हा हट्ट कशासाठी?"

नेगी आणि बलबीर ऐकत नाहीत ना, ते त्यांनी आधी पाहिलं. मग बसक्या आवाजात, मला कान जवळ न्यावा लागला, म्हणाले, "त्या दिवशी सिंधू बोललीच नव्हती."

"कोणत्या दिवशी?"

"मी बनियनवर रस्त्यावर आलो ना, त्या दिवशी. काई बोलली नव्हती थे. मी खोटं अनाउन्स केलं." त्यांनी कप खाली ठेवला. "महिनाभर घरी कोनी आलं नवतं, भाऊ. मले वाटलं, अनाउन्स करून पाहू. येखाद्या टायमाले येते गाडी. तुमी सारे आत आले, तिनं पाह्यलं, मी खोटं बोलून राहिलो हे फक्त तिले माहीत होतं. त्या रागात बोलली थे. आधी घोषना झाली, मंग गाडी लागली. उलटं झालं. म्हनून भेव वाटते. खोट्या घोषनेवर भेटलं, थे परत न्याले कोनाले येळ लागते?"

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं पुस्तकात वाचलेलं मला सांगता आलं असतं. ते मला त्या वेळी फार कोतं वाटलं. माझा राग गेला. मी त्यांच्या पाठीवरची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि उरलेली वाट मी ती कुणाला दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बलबीर एका दगडांच्या पसाऱ्यावर थांबला आणि म्हणाला, आलं ग्लेशियर. काकांनी चारही बाजूंना पाहिलं. राखाडी दगड, माती, वाळू, खड्डे. अकोल्याच्या लादीसारखं पांढरं काहीच नाही. "हे त गिट्टीची खदान हाये," ते पुटपुटले. तिथून थोड्या अंतरावर एक तरुण मुलगी आणि तिचा सहकारी ग्लेशियर मोजायला आले होते. ती म्हणाली, बर्फ या दगडांच्या खाली आहे. आणि ते दर वर्षी मागं सरकतंय, तुम्ही जिथं उभे आहात तिथून आणखी पुढे चला. काका तिच्या मागोमाग निघाले. ती थांबली की हे विचारत, "यहाँ है?" ती मान हलवी. अखेर एका जागी तिनं कुदळीनं दगड बाजूला केले, वाळू खरवडली, आणि खाली काळसर निळं, काचेसारखं बर्फ दिसलं. काकांनी गुडघे टेकून त्यावर तळवा ठेवला. मग वाकून जीभ लावली. "असल हाये," त्यांच्या ओठांनी सांगितलं, आवाज नव्हताच.

तिथं पथारी टाकली. रोडगे काढले. दोन रात्रींच्या थंडीनं ते दगड झाले होते. नेगींनी एक हातात घेतला आणि खाली टाकला तर खणकन आवाज आला. तूप डब्यात गोठून बसलेलं. दात लावायचा प्रश्नच नव्हता. शेवटी बलबीरनं बर्फ फोडायची कुऱ्हाड काढली आणि रोडगे फोडायला लागला. त्या कुऱ्हाडीचा एक घाव बर्फावर आणि एक रोडग्यावर पडला, तर रोडगा उशिरा फुटला. मोजणाऱ्या मुलीनं त्याचा फोटो काढला.

माणसं मोजली. नेगी, बलबीर, ती मुलगी, तिचा सहकारी. चारच. नवस फेडणाऱ्याला त्यात धरत नाहीत. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्या घरचं माहीत होतं, म्हणून ते हाक मारत नव्हते. नुसते हातात तुकडा घेऊन उभे होते. मी जाऊन पाचव्या जागेवर बसलो. आजोबा मला ओरडले असते की नाही, मला माहीत नाही. बहुतेक त्यांनी आधी विचारलं असतं, बाई बोलते का?

मग काका उभे राहिले. डावी मूठ तोंडाशी नेली. पंगतीला जेवा म्हणून सांगायचं होतं, काकूंचं नाव घ्यायचं होतं. घशातून एक बारीक शिट्टी निघाली आणि थांबली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, त्या सगळ्या शांत डोंगरांमध्ये, बेंबीच्या देठापासून ओरडलो. "सर्वांनी इकडे लक्ष द्यावं! अमरावतीच्या सौ. सिंधूताई गावंडे यांच्या नवसाचे रोडगे लागलेले आहेत! सर्वांनी पोटभर जेवावं!" माझा आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. नेगींनी मला उद्यानात आवाज न करण्याचा नियम सांगितला नाही. ते तोंडातला तुकडा चघळत होते आणि तो अजून अर्धा तास तरी गिळला जाणार नव्हता.

उतरायला दोन दिवस लागले. काका एक अक्षर बोलू शकत नव्हते. चालताना त्यांचं लक्ष पायाखाली नसायचं, दोनदा घसरले. चौकीवर नेगींनी वही उघडली आणि एकवीस गोळ्यांपुढे लिहिलं : सब खाए गए. खरं तर निम्मे आमच्या पिशवीत परत आले होते, पण तेवढं त्यांनी पाहिलं नाही.

गावात शिरताच बलबीरनं आपला फोन काढून दिला. दुकानाच्या वरच्या अंगाला एक उंच दगड आहे, तिथंच फक्त रेंज मिळते. काका त्यावर चढले आणि मी घरचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. आम्ही खाली उभे होतो. स्पीकर चालू राहिला होता. तीन वेळा वाजला, चार वेळा वाजला, आणि उचलला गेला. पलीकडे कुणी बोलेना. मग जड, सावकाश, पण स्वच्छ आवाज आला.

"कोन हाये?"

काकांनी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

"कोन हाये म्हनतो! बोलत काऊन नाई?"

मी वर चढून फोन मागितला, म्हटलं, द्या, मी सांगतो तुम्ही आहात म्हणून. काकांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि फोन छातीशी ओढून घेतला. अनोळखी नंबर पाहून काकू आता पेटल्या होत्या. "फोन लावते अन् बोलत नाई, हे काय सोंग हाये? घरी मानूस नाई असं समजू नको. आमचे हे गेले हायेत हिमालयात. बर्फात रोडगे घालाले. विचारलं बी नाई मले. मी बोलनंच सोडून देल्लं त्या रागात, म्हटलं, पाहू, परत येते का मानूस. नाई आला. स्वेटर बी जुनाच घेऊन गेला. तिकडं कसा असन, काय खात असन... अन् तू कोन हायेस रे? ऐकून राहिला का?"

बलबीरनं खालून हळूच विचारलं, कोण आहे, रागावलंय का कुणी. मी त्याला हातानं थांब म्हटलं. काका दगडावर उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. काकू बोलतच होत्या. काकांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.